सॅकरोमायसिस सेरेव्हिसी: यीस्टचे शास्त्रीय नाव वाचावे, समजावे आणि लिहावे कसे

बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा अन्नतंत्रज्ञान घेणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्याची सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या लांबलचक नावाशी अगदी सुरुवातीलाच गाठ पडते. हेच नाव इतवारीतून आणलेल्या यीस्टच्या पाकिटावर असते, दुभत्या जनावरांच्या पूरक खाद्याच्या पिशवीवर असते, आणि जुलाब थांबावेत म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पुडीवरही त्याचे जवळचे भावंड छापलेले असते. बहुतेक जण हे नाव पाठ करतात किंवा सरळ ओलांडून पुढे जातात. हा लेख त्या नावापाशी थोडे थांबू इच्छिणाऱ्यांसाठी आहे: नवे विद्यार्थी, घरून पाव आणि बन करून विकणाऱ्या गृहिणी, शाळेतले विज्ञानशिक्षक आणि मराठीतून विज्ञान लिहू पाहणारे. माझे म्हणणे एवढेच आहे की हे नाव नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दोन्ही कळले तर पाकीट निवडण्यापासून प्रयोगवही लिहिण्यापर्यंतच्या अनेक चुका टळतात.

आधी नाव कशाचे आहे ते पाहू

यीस्ट हा शब्द एका जीवाचे नाव नाही. पाठ्यपुस्तकात ज्याला किण्व म्हणतात आणि नागपूरच्या बाजारात जे यीस्ट, ईस्ट किंवा खमीर या नावांनी मागितले जाते, ती मुळात कवकांची, म्हणजे बुरशीवर्गातल्या जीवांची, जगण्याची एक पद्धत आहे. जी कवके आयुष्याचा मोठा काळ एकेकट्या पेशीच्या रूपात काढतात आणि बहुधा मुकुलनाने, म्हणजे पेशीच्या कडेला कळीसारखी छोटी पेशी फुटून, वाढतात, त्यांना यीस्ट म्हणण्याचा प्रघात आहे. अशा सुमारे 1500 जातींची शास्त्रीय वर्णने झालेली आहेत. त्यांतली काही माणसाला आजार देतात, काही मातीत राहतात, काही फुलांतल्या मधुरसात वाढतात. पाव फुगवणारी आणि बिअर आंबवणारी जी जात आहे, केवळ तिचेच नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी आहे. त्यामुळे ‘यीस्टचे शास्त्रीय नाव सांगा’ हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न काटेकोर अर्थाने अपुरा आहे. उत्तर देताना ‘बेकरीच्या यीस्टचे शास्त्रीय नाव’ असे स्वतःहून स्पष्ट करण्याची सवय लावून घ्यावी.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा (इंग्रजीत जीनस) आणि दुसरा जातीचा (स्पीशीज). दुसरा शब्द एकटा कधीही वापरत नाहीत, कारण एकच जातिवाचक शब्द वेगवेगळ्या प्रजातींत आढळू शकतो. नुसते ‘सेरेव्हिसी’ म्हणणे हे घाईतल्या बोलण्यात चालून जात असले, तरी लेखनात ते चूक ठरते.

नावाची फोड

‘सॅकरो’ हा भाग ग्रीक ‘साक्खारॉन’ म्हणजे साखर या शब्दावरून आला आहे. हा ग्रीक शब्द भारतातूनच तिकडे गेला. संस्कृत ‘शर्करा’, त्यावरून पालीतला ‘सक्खरा’ आणि तिथून ग्रीक, अशी त्याची वाट आहे. आपण रोज चहात घालतो ती साखर आणि या नावातला पहिला तुकडा एकाच घराण्यातले आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की नाव परके वाटेनासे होते, आणि शिकवताना याचा उपयोग जरूर करावा. ‘मायसिस’ हा भाग ग्रीक ‘मुकेस’ म्हणजे कवक यावरून आला. म्हणजे प्रजातीच्या नावाचा अर्थ ‘साखरेचे कवक’ असा झाला. 1837 मध्ये थिओडोर श्वान यांनी आंबणाऱ्या द्रवातल्या या सजीव कणांना जर्मन भाषेत याच अर्थाचे नाव दिले होते, आणि पुढच्याच वर्षी, 1838 मध्ये, युलियस मायेन यांनी त्याला लॅटिन धाटणीचे ‘सॅकरोमायसिस’ हे रूप दिले.

‘सेरेव्हिसी’ हा शब्द लॅटिन ‘सेरेव्हिसिया’ म्हणजे बिअर या नामाचे षष्ठी विभक्तीचे एकवचन आहे. शाळेत विभक्तीचा तक्ता म्हटलेल्या मराठी वाचकाला यापुढे फार सांगावे लागत नाही: षष्ठीचा अर्थ ‘चा, ची, चे’. पूर्ण नावाचा अर्थ म्हणूनच ‘बिअरचे साखर-कवक’ असा होतो. स्पॅनिश भाषेत बिअरला आजही ‘सेर्व्हेसा’ म्हणतात, तो शब्दही याच मुळाचा आहे.

षष्ठीचा हा मुद्दा केवळ व्याकरणाचा नाही, शुद्धलेखनालाही त्याचा उपयोग होतो. जातीचा शब्द विशेषण असेल तर तो प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतो. सॅकरोमायसिस पुल्लिंगी असल्यामुळे ‘पास्टोरिआनस’, ‘पॅराडॉक्सस’ अशी ‘स’कारान्त पुल्लिंगी रूपे दिसतात. ‘सेरेव्हिसी’ मात्र विशेषण नसून षष्ठीतले नाम आहे, म्हणून ते ‘सेरेव्हिसिअस’ असे कधी होत नाही. आणि आणखी एक: ‘सॅकरोमायसिस’ हा शब्द ‘स’ने संपतो म्हणून तो इंग्रजी अनेकवचन आहे असे समजून शेवटचा ‘स’ गाळणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तो शब्द एकवचनीच आहे.

स्पेलिंग आणि उच्चार

रोमन लिपीत हे नाव लिहिताना तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिले ठिकाण म्हणजे सुरुवातीचे ‘एस, ए, सी, सी, एच’: इथे ‘सी’ दोनदा आणि ‘एच’ एकदाच येतो, पण अनेक वह्यांमध्ये ‘सी’ एकदा आणि ‘एच’ दोनदा सापडतो. दुसरे ठिकाण ‘एम, वाय, सी’: ‘वाय’च्या जागी ‘आय’ चालत नाही. तिसरे आणि सर्वांत फसवे ठिकाण म्हणजे शेवट, ‘व्ही, आय, एस, आय, ए, ई’. यातला दुसरा ‘आय’ लिहायचा राहून जातो, किंवा शेवटच्या ‘ए’ आणि ‘ई’ची अदलाबदल होते. मूळ नाम ‘सेरेव्हिसिया’ आहे आणि त्याला षष्ठीचा ‘ई’ लागला आहे, एवढे लक्षात ठेवले तर हा शेवट पुन्हा चुकत नाही.

उच्चाराच्या बाबतीत उगीच धास्ती बाळगू नये. शेवटच्या जोडस्वराचा उच्चार इंग्रजी वळणाने ‘ई’सारखा करतात, जुन्या लॅटिन वळणाने ‘आय’सारखा करतात आणि आपल्याकडे अनेक प्राध्यापक ‘सेरेव्हिसिए’ असे म्हणतात. शास्त्रीय नामकरणाचे नियम लेखनाला बांधील आहेत, उच्चाराला नाहीत. तोंडी परीक्षेत नाव स्पष्ट आणि न अडखळता म्हणावे, तेवढे पुरेसे आहे.

प्रयोगवहीत आणि टंकलिखित मजकुरात लिहिताना

यीस्ट हे कवक असल्यामुळे त्याचे नाव शैवाल, कवके आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेखाली येते. लेखनाचे संकेत त्यानुसार असे आहेत. प्रजातीच्या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत आणि जातीचे संपूर्ण नाव लहान लिपीत लिहावे. छापील मजकुरात दोन्ही शब्द तिरप्या ठशात असावेत. हाताने लिहिताना तिरपा ठसा शक्य नसतो, म्हणून दोन्ही शब्द अधोरेखित करतात, आणि इथे एक बारीक गोष्ट पाहावी लागते: एकच लांब रेघ न मारता दोन शब्दांखाली दोन वेगळ्या रेघा माराव्यात, मध्ये मोकळी जागा सोडावी. प्रात्यक्षिक परीक्षेत वही तपासताना परीक्षकाची नजर सर्वप्रथम इथेच जाते.

पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहावे. त्यानंतर प्रजातीचे केवळ पहिले अक्षर आणि पूर्णविराम देऊन जातीचे नाव लिहिले तरी चालते. मात्र सूक्ष्मजीवशास्त्रात ‘एस’ने सुरू होणाऱ्या प्रजाती पुष्कळ आहेत. साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस यांच्यापैकी एखादी त्याच मजकुरात असेल, तर संक्षेपाचा मोह टाळून पूर्ण नाव लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते. वाक्याची सुरुवातही संक्षेपाने करू नये. जात ओळखली गेलेली नसेल तेव्हा प्रजातीपुढे ‘एसपी’ आणि एकाच प्रजातीतल्या अनेक जाती अभिप्रेत असतील तेव्हा ‘एसपीपी’ असे लिहितात. ही अक्षरे तिरप्या ठशात नसतात, कारण ती नावाचा भाग नाहीत.

काही ग्रंथांत नावापुढे ‘मायेन एक्स ई. सी. हॅन्सन’ असे जोडलेले दिसते. नाव मायेन यांनी सुचवले आणि हॅन्सन यांनी ते नियमानुसार वैध रीतीने प्रसिद्ध केले, असा त्याचा अर्थ. एमिल क्रिस्टिअन हॅन्सन हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. एका पेशीपासून यीस्टचे शुद्ध संवर्धन, म्हणजे दुसरा कोणताही जीव न मिसळता वाढ, करण्याची रीत त्यांनी 1883 मध्ये प्रत्यक्षात आणली. पदवीच्या वहीत हे लेखकनाव जोडण्याची गरज नसते. वर्गीकरणावरच्या शोधनिबंधात ते लागते.

मराठीत, देवनागरीत लिहिताना

देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाही, आणि तिरपा ठसा आपल्या छपाईत फारसा रुळलेला नाही. त्यामुळे मराठी लेखात शास्त्रीय नाव ओळखू कसे यावे, हा प्रश्न खरा आहे. माझी शिफारस अशी की पहिल्या उल्लेखात नाव ठळक ठशात किंवा अवतरणचिन्हांत द्यावे, पुढे तेच रूप सर्वत्र कायम ठेवावे आणि संक्षेप करायचाच झाला तर ‘सॅ. सेरेव्हिसी’ असा करावा. सॅकरोमायसिस, सॅकॅरोमायसीज, सॅक्रोमायसेस अशी अनेक रूपे मराठी पुस्तकांत आढळतात. त्यातले कोणते निवडावे याबद्दल हट्ट नको, पण एकाच लेखात दोन रूपे आली तर नवखा वाचक त्यांना दोन जीव समजतो. आणि नावाचे भाषांतर करू नये. ‘साखर-कवक’ हा अर्थ समजावून सांगण्यासाठी आहे, नावाच्या जागी वापरण्यासाठी नाही.

पाकिटावर हे नाव दिसले की काय समजावे

सीताबर्डीत, इतवारीत किंवा धरमपेठेत बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात झटपट वापरायच्या कोरड्या यीस्टचे पाकीट घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा. तिथे बहुधा यीस्ट, त्यापुढे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी आणि त्यानंतर पायसकारक (इमल्सिफायर) 491 असे लिहिलेले असते. हा 491 म्हणजे सॉर्बिटन मोनोस्टिअरेट. कोरड्या कणांना पुन्हा पाणी शोषून घेताना त्याची मदत होते. घटकांत शास्त्रीय नाव असेल तर आतला माल कवक आहे, बेकिंग पावडर किंवा खाण्याचा सोडा नाही, एवढी खात्री होते. बेकिंग पावडर रासायनिक क्रियेने लगेच वायू सोडते; यीस्टला पिठातली साखर खाऊन वायू तयार करायला वेळ लागतो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ते इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवते. पाव फुगतो तो या वायूमुळे.

नावात बिअर आहे म्हणून पाकिटात बिअर किंवा दारू असेल का, अशी शंका अनेक घरांतून विचारली जाते, आणि शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा असल्याने आपल्या भागात ती अधिकच स्वाभाविक आहे. तसे काहीही नसते. हा जीव प्रथम बिअरच्या फेसात आणि गाळात अभ्यासला गेला, म्हणून नावात बिअर आली. आजचे बेकरीचे यीस्ट प्रामुख्याने साखर कारखान्यातल्या मळीवर, भरपूर हवा खेळती ठेवून वाढवतात. मळलेल्या कणकेत थोडे इथेनॉल तयार होते हे खरे, पण भट्टीच्या उष्णतेत त्यातले बहुतांश उडून जाते. यीस्ट प्राणिजन्य नाही, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका असतो. कवक खावे की नाही हा ज्यांच्या घरी धार्मिक आचरणाचा प्रश्न असेल, त्यांनी मात्र नावातला ‘मायसिस’ हा भाग ध्यानात घेऊन आपला निर्णय करावा.

नाव सांगत नाही अशी महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतल्या पेशी जिवंत आहेत की नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि अशा उन्हात दुकानाच्या दर्शनी फळीवर पडून राहिलेले पाकीट तारीख शिल्लक असूनही निकामी झालेले असू शकते. घरी तपासण्याची रीत सोपी आहे. पाव कप कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर विरघळवून त्यात अर्धा चमचा यीस्ट सोडावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. फेसाचा थर आला तर यीस्ट चांगले आहे. पाणी कोमट म्हणजे बोट सहज ठेवता येईल इतकेच असावे, कारण साधारण 55 ते 60 अंशांवर यीस्टच्या पेशी मरतात. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतले नळाचे पाणी चटका देण्याइतके तापलेले असते, म्हणून ते तसेच वापरू नये. उघडलेले पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे.

महाविद्यालयात हीच तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली करता येते, आणि ती एकदा तरी करावीच. साखरपाण्यात भिजवलेल्या यीस्टचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात मिथिलीन ब्लूचे विरळ द्रावण मिसळावे, आच्छादक काच हळूच तिरकी टेकवून खाली सोडावी आणि चाळीसच्या भिंगाखाली पाहावे. 5 ते 10 मायक्रोमीटर आकाराच्या लंबगोल पेशी दिसतात. मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी रंगाचे रूपांतर करून टाकतात, म्हणून त्या रंगहीन राहतात. एखाद्या पेशीच्या कडेला दुसरी छोटी पेशी चिकटलेली दिसली की ते मुकुलन. आकृतीखाली नाव लिहिताना वर सांगितलेल्या दोन रेघा विसरू नयेत.

जवळची नावे आणि त्यांतली गफलत

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जुलाबावरच्या पुड्यांवर ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ असे लिहिलेले असते. आँरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे यीस्ट 1920 च्या दशकात तेव्हाच्या फ्रेंच इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांपासून वेगळे केले. जनुकीय अभ्यासानंतर आता ते वेगळी जात नसून सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचाच एक प्रकार मानले जाते आणि काटेकोर लेखनात तसेच नोंदवले जाते. पुडीवर जुनेच नाव टिकून आहे. जात एकच निघाली म्हणून बेकरीचे यीस्ट जुलाबावर घेणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे, कारण औषधी गुण त्या विशिष्ट वाणाचे (स्ट्रेनचे) तपासलेले आहेत. अत्यवस्थ रुग्णाला, विशेषतः मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेली असेल तर, ही पुडी देऊ नये असा स्पष्ट इशारा आहे. ते यीस्ट रक्तात शिरू शकते.

‘शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे’ हे नाव दिसायला जवळचे आहे, पण जीव फार दूरचा. ‘शिझो’ म्हणजे दुभंगणे. हे यीस्ट मुकुलनाने न वाढता मधोमध विभागून वाढते. ‘पॉम्बे’ हा स्वाहिली भाषेतला बिअरसाठीचा शब्द. लागर प्रकारची बिअर आंबवणारे ‘सॅकरोमायसिस पास्टोरिआनस’ हे तर ‘सॅ. सेरेव्हिसी’ आणि ‘सॅ. युबायानस’ या दोन जातींचा संकर आहे. त्याला हॅन्सन यांनी ‘कार्ल्सबर्गेन्सिस’ असेही नाव दिले होते आणि जुन्या पुस्तकांत तेच सापडते. पाश्चर यांचा सन्मान पास्टोरिआनस या शब्दात आहे.

आंबवलेल्या प्रत्येक पदार्थाचे श्रेय सॅ. सेरेव्हिसीला देणे ही आपल्याकडची सर्वांत सर्रास चूक आहे. इडलीचे पीठ फुगण्यामागे मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू असतो आणि दही तर पूर्णपणे जीवाणूंचे काम. प्रकल्प अहवालात हे नाव लिहिण्याआधी तो जीव त्या पदार्थात खरोखर ओळखला गेला आहे का, हे पाहावे.

पुढच्या वर्गात गेल्यावर

1996 मध्ये सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असणाऱ्या, जीवांत हा मान सर्वप्रथम यालाच मिळाला. सोळा गुणसूत्रे आणि सुमारे 6000 जनुके. ज्या वाणावर हे काम झाले त्याचे नाव ‘एस 288 सी’. वाणाचे नाव जातीच्या नावानंतर सरळ ठशात लिहितात. जनुकांची नावे मात्र तिरप्या ठशात, तीन अक्षरे आणि एक आकडा अशी असतात, जसे ‘यूआरए 3’. जनुकाचे मूळ रूप मोठ्या लिपीत आणि अप्रभावी उत्परिवर्तित रूप लहान लिपीत लिहिण्याचा यीस्टच्या अभ्यासकांचा संकेत आहे. पेशीविभाजनाच्या ज्या जनुकांवरील कामासाठी लेलंड हार्टवेल यांना 2001 मध्ये नोबेल मिळाले, ती जनुकेही याच पद्धतीने लिहिली जातात.

प्रकल्पासाठी शुद्ध संवर्धन हवे असेल तर बेकरीच्या पाकिटावर विसंबू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतही असाच संग्रह आहे. तिथे प्रत्येक वाणाला स्वतंत्र क्रमांक असतो. महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांमार्फत मागणी पाठवताना केवळ सॅकरोमायसिस सेरेव्हिसी एवढेच लिहिले तर ती मागणी अर्धवट राहते, कारण मद्यार्क जास्त देणारे, पावासाठी वापरले जाणारे आणि जनुकीय प्रयोगांसाठी राखलेले असे अनेक वाण एकाच नावाखाली नोंदलेले असतात. म्हणून संग्रहाच्या यादीतला क्रमांक, कोणत्या कामासाठी हवे आहे ते आणि वाढीचे माध्यम कोणते वापरणार ते, या तिन्ही गोष्टी नावाच्या पुढे लिहाव्यात, आणि संवर्धन हाती आल्यावर तोच क्रमांक प्रकल्प अहवालातल्या साहित्य व पद्धती या प्रकरणात नावाला जोडून द्यावा.